मागच्या ॲक्सलच्या अलीकडे, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो, टेनेसी अशा राज्यांत गावाबाहेर घर घेतलं, की घराबरोबर दोन-चार एकर जमीनही अनेकदा पदरात पडते. या जमिनीवरचं गवत वसंतापासून पानगळीपर्यंत वाढायचं थांबत नाही. मे महिन्यात एक आठवडा दुर्लक्ष झालं, तर ते घोट्याच्या वर जातं. एवढ्या गवतापुढे हाताने ढकलायचं मशीन हात टेकतं, म्हणून माणसं वीस-पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही यात आली. ट्रॅक्टर ठरला, रंगही ठरला, की मग विक्रेता विचारतो : गवत कापायचा डेक पोटाखाली बसवायचा की मागे?

प्रश्न किरकोळ वाटतो. दोन्हीकडे लोखंडाचं तसंच झाकण आणि त्याखाली तशीच तीन पाती. एक डेक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये लटकतो, दुसरा मागच्या चाकांच्याही मागून जातो. दोन्ही जागांमधलं अंतर जेमतेम दोन मीटर. पण त्या दोन मीटरांच्या मध्ये मागचा ॲक्सल आहे, आणि त्याच्या अलीकडचं जग पलीकडच्या जगापेक्षा फार वेगळ्या नियमांनी चालतं. हे एकदा नीट दिसलं, की चालत्या ट्रॅक्टरकडे पूर्वीच्या नजरेने पाहणं अशक्य होतं.

आधी पात्यांकडे पाहू. विळ्याने गवत कापताना डाव्या हाताने मूठ धरावी लागते, नाहीतर गवत विळ्यापुढे नुसतं वाकतं. मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, पात्याजवळ असा धरणारा हात नाही. ती उणीव वेग भरून काढतो. पातं इतक्या जोरात येतं, की गवताच्या काडीला वाकायला वेळच मिळत नाही. जडत्वामुळे ती जागच्या जागी उभी राहते आणि कापली जाते. हा वेग किती? दीड मीटर रुंदीच्या डेकमध्ये साधारण 53 सेंटिमीटर लांबीची तीन पाती बसतात. मिनिटाला 3,000 फेरे धरले, तर पात्याचं टोक ताशी 300 किलोमीटरने धावत असतं! अमेरिकेतल्या घरगुती मोअरांच्या सुरक्षा मानकात या टोकाच्या वेगाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे ताशी जवळपास 347 किलोमीटर. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा कापडगिरणीतलं लोकरीचे तंतू सारखे करणारं यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याच्या यंत्रात फिरती पाती एका स्थिर पात्याला लागून जात आणि गवत त्या दोघांच्या मध्ये सापडे. आजच्या डेकमधून ते स्थिर पातं गेलं, कारण वेगाने त्याची गरजच संपवली.

मग हा वेग ट्रॅक्टरकडून पात्यांपर्यंत पोचतो कसा? ट्रॅक्टरच्या पाठीमागे पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, दांडा असतो : 35 मिलिमीटर जाड, सहा खाचांचा, मिनिटाला 540 फेरे घेणारा. अमेरिकी कृषी अभियंत्यांनी 1920च्या दशकात हे मानक बसवलं आणि ते जगभर पसरलं. सोलापूरच्या शेतात रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओही त्याच वेगाचा असतो. 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. पात्यांना लागतात सेकंदाला 50. म्हणून मागच्या मोअरवर एक गिअरबॉक्स बसवलेला असतो. तो फिरण्याची दिशा काटकोनात वळवतो आणि वेगही वाढवतो, उरलेली वाढ पट्टा आणि पुल्या करतात. पोटाखालच्या डेकसाठी मात्र ट्रॅक्टरलाच एक वेगळा, मधला पीटीओ असावा लागतो, आणि तो मुळातच मिनिटाला 2,000 च्या आसपास फिरतो. ट्रॅक्टर घेताना मधला पीटीओ नसेल, तर हा पर्याय तिथेच मिटतो.

इथे थोडं थांबायलाच हवं, कारण पीटीओ आणि मोअर यांना जोडणाऱ्या शाफ्टमध्ये एक नवल दडलेलं आहे. मोअर खाचखळग्यांवर खाली-वर होणार, तेव्हा शाफ्टला वाकत वाकत फिरता आलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. स्प्रिंगच्या नियमामुळे आणि पेशीच्या चित्रामुळे शाळेत ज्याची ओळख होते, त्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या जोडाचा अभ्यास केला. या जोडाची एक खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरला, की पलीकडचा शाफ्ट सारख्या गतीने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. जोड 30 अंशांत वाकला असेल आणि पीटीओ अगदी स्थिर 540 ने फिरत असेल, तरी पलीकडचा वेग 468 ते 624 असा हेलकावे खातो, तेही सेकंदाला 18 वेळा. मग सगळं यंत्र खिळखिळं का होत नाही? कारण दुसऱ्या टोकाचा जोड तितकाच वाकलेला असेल, तर तो नेमकी उलटी चूक करतो, आणि दोन चुका एकमेकींना पूर्ण खोडून काढतात. मधला शाफ्ट अडखळत फिरतो, पण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे गती एकसारखी. मुख्य अट ही : पीटीओचा दांडा आणि मोअरच्या गिअरबॉक्सचा दांडा एकमेकांना समांतर हवेत. मोअरला वरून धरणारी टॉप लिंक थोडी कमीजास्त झाली की ही समांतरता मोडते, आणि मोअर थरथरायला लागतो. मागचा मोअर चालू ठेवून उंच उचलला, तर कोन वाढून जोडांवर अतोनात ताण येतो. पोटाखालच्या डेकला एवढं उचलायला जागाच नसते, म्हणून तिथे हा त्रास कमी. याच शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण कोणीही कधीही काढून ठेवू नये. उघडा दांडा सेकंदाला एक मीटर कापड गुंडाळतो. माणसाला सावरायला तेवढा अवधी मिळत नाही.

आता वळण. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत आणि आडवी सरकतही नाहीत. म्हणून ट्रॅक्टर ज्या बिंदूभोवती वळतो, तो नेहमी मागच्या ॲक्सलच्या रेषेतच कुठेतरी असतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, की ॲक्सलच्या पुढचं सगळं उजवीकडे जातं आणि मागचं सगळं आधी डावीकडे फेकलं जातं. मागच्या ॲक्सलचा मध्य तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय असं धरा. पोटाखालच्या डेकचा मध्य ॲक्सलच्या पुढे 60 सेंटिमीटरवर असेल, तर पायथागोरस सांगतो की तो त्या वर्तुळाच्या फक्त 6 सेंटिमीटर बाहेरून जाईल. मागच्या मोअरचा मध्य ॲक्सलच्या मागे दीड मीटरवर असेल, तर तो 35 सेंटिमीटर बाहेरून जाईल. झाडाभोवती फिरताना एक डेक तुमच्या नजरेसमोर बुंध्याला वळसा घालतो. दुसरा पाठीमागे बुंध्यापासून दूर पळतो आणि बाहेरच्या बाजूला कुंपण असेल, तर थेट त्याच्यावर जातो. मागचा मोअर वापरणाऱ्याची मान दिवसभर मागे वळलेली असते, ती यामुळेच.

उंचवट्यांचंही तसंच. पुढची चाकं 10 सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली, की पोटाखालचा भाग साधारण 4 सेंटिमीटर वर जातो, आणि मागे ताठ बांधलेली वस्तू मात्र तेवढ्याच वेळात 10 सेंटिमीटर खाली दबते. हे टाळायला मागच्या मोअरला स्वतःची चार चाकं देतात आणि टॉप लिंकच्या जागी साखळी किंवा सरकता जोड लावतात, म्हणजे तो ट्रॅक्टरशी भांडण न करता आपल्या चाकांवर जमीन वाचत येतो. मोकळ्या, लांब पट्ट्यांवर तो फार सुंदर काम करतो. उलट, अरुंद उंचवटा दोन ॲक्सलांच्या मध्ये आला, की पोटाखालचा डेक माथ्यावरचं गवत मुळापर्यंत खरवडतो. त्यासाठीच त्याच्या कडेला लहान रोलर असतात, पण ते सगळंच वाचवू शकत नाहीत.

टायरचा मुद्दा लोक फार मोठा करतात. मागच्या मोअरच्या आधी रुंद मागची टायरं गवत तुडवून जातात आणि तुडवलेलं गवत लगेच उभं राहत नाही. पण पात्याची मागची कड वर वळवलेली असते, ती हवा वर खेचते आणि आडवं गवत उभं करते. पात्याला धार असेल आणि गवत कोरडं असेल, तर पट्टे फारसे दिसत नाहीत. ओल्या, दाट गवतात दिसतात.

उरला सोयीचा भाग. पोटाखालचा डेक त्या एका मॉडेलसाठीच बनवलेला असतो आणि तो खाली लटकत असताना ट्रॅक्टर दगडगोट्यांत किंवा मातीच्या ढिगात नेता येत नाही. मागचा मोअर मात्र मापात बसणाऱ्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंट जोडणीवर चढतो. हे ऋण आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचं. नांगर अडकला की ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मरत, म्हणून त्याने अवजार तीन बिंदूंवर ट्रॅक्टरशी जखडायची पद्धत शोधली. 1938 मध्ये त्याचा हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, 1939 मध्ये फोर्ड 9एन ट्रॅक्टर बाजारात आला, आणि ती जोडणी आज जगातल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीवर आहे. तिच्यामुळेच मागचा मोअर काढून तिथे माती सपाट करायचं पेटी-फावडं, रोटाव्हेटर किंवा झुडपं कापायचं जाड पात्यांचं यंत्र बसवता येतं. पुढे लोडर असेल, तर मागचा मोअर त्याला वजनाचा तोलही देतो. चढावर मात्र हेच वजन पुढची चाकं हलकी करतं, हे विसरू नये.

नाशिकच्या द्राक्षबागांत आणि सांगोल्याच्या डाळिंबांत मिनी ट्रॅक्टरची अवजारं मागेच बसतात, आणि ते बरोबर आहे : सरळ ओळी, कमी वळणं, एकाच ट्रॅक्टरकडून दहा कामं. मुंबईच्या महिंद्रने 1994 मध्ये टेक्सासमधून अमेरिकेत ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या अंगणासाठी मात्र तेच गणित बदलतं.

माझा कौल असा. घराभोवती झाडं, वाफे, कुंपणं असतील आणि ट्रॅक्टरचं मुख्य काम गवतच असेल, तर पोटाखालचा डेक घ्या, जास्त पैसे मोजून घ्या. जमीन मोकळी असेल, ट्रॅक्टर माती ओढणार असेल, किंवा तो पुढे बदलायचा विचार असेल, तर मागचा मोअर घ्या. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगून दोन्हींवर बसा, एकेका झाडाभोवती एक पूर्ण फेरा घ्या, आणि डेकची मागची कड कुठून जाते ते पाहा.