सगळ्यांनी घातलेला टी-शर्ट

तुमच्या लाडक्या प्लेअरवर आरोप झाला, तर तुम्ही आधी काय आठवता? त्याचे गोल, हो ना?

लिव्हरपूलनेही तेच केलं. ऑक्टोबर २०११मध्ये त्यांचा स्टार लुईस सुआरेझने भर मॅचमध्ये आपल्याला रंगावरून हिणवलं, अशी तक्रार मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने केली. सुआरेझने आरोप फेटाळला. २० डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याला ८ मॅचची बंदी आणि ४० हजार पौंडांचा दंड ठोकला. दुसऱ्याच दिवशी विगनमध्ये वॉर्मअपला लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून उतरले! मॅनेजर केनी डाल्ग्लिशचाही फुल सपोर्ट.

दोस्ती म्हणून भारी वाटतं. आता तोच फोटो एव्हराच्या जागी बसून बघा. चूक कोणाची, हे ठरवणाऱ्यांनी ठरवलं होतं, तरी समोर अख्खी टीम उभी.

त्या टीममधल्या जेमी कॅरॅगरने २०१९मध्ये टीव्हीवर, शेजारी बसलेल्या एव्हराची माफी मागितली. ‘मी हा टी-शर्ट घालणार नाही’ एवढं म्हणायची हिंमत बहुधा आमच्यात नव्हती, अशी कबुलीही दिली. तोवर जवळजवळ आठ वर्षं उलटली होती, आणि सुआरेझ बार्सिलोनाकडून खेळत होता.