विश्लेषण : समुद्राखालचे जीव कॅमेऱ्याला का सापडत नाहीत?

दक्षिण अटलांटिक महासागरात, साउथ सँडविच बेटांजवळ ९ मार्च २०२५ रोजी सुमारे ६०० मीटर खोलीवर कोलॉसल स्क्विडचे एक पिल्लू कॅमेऱ्यात टिपले गेले. या प्रजातीची विज्ञानाने नोंद घेतली १९२५ मध्ये. म्हणजे तिला तिच्याच घरात जिवंत पाहायला शंभर वर्षे जावी लागली. या विलंबाला समुद्राची खोली कारणीभूत आहेच, पण चित्रीकरणाची पद्धतही तितकीच कारणीभूत आहे.

हा प्राणी कोणता?

कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याचाच हा दूरचा नातलग. पूर्ण वाढलेला कोलॉसल स्क्विड सात मीटर लांब आणि ५०० किलो वजनाचा असू शकतो, असा अंदाज आहे. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत इतका वजनदार दुसरा नाही. तरीही त्याची पहिली ओळख पटली ती स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या बाहूंच्या तुकड्यांवरून. पुढेही तो माणसाला दिसला तो मेलेला किंवा मासेमारीच्या दोरीला लागून वर आलेला. श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या ‘सुबास्टियन’ या दूरनियंत्रित यंत्राने टिपलेले पिल्लू मात्र फूटभर लांबीचे, काचेसारखे पारदर्शक आणि निवांत पोहणारे होते.

पाण्याखाली चित्रीकरण अवघड का?

दाब हे एक कारण. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यामुळे खोल जाणारा कॅमेरा जाड कवचात बंद करावा लागतो. हा प्रश्न अभियांत्रिकीने बऱ्यापैकी सोडवला आहे. खरी अडचण प्रकाशाची.

पाणी सूर्यप्रकाशातील लाल रंग सर्वात आधी शोषून घेते. दहा-पंधरा मीटरवरच लालभडक मासा करडा दिसू लागतो; आणखी खाली निळ्याखेरीज काही उरत नाही. मग दिवे न्यावे लागतात. पण पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण त्या उजेडात चमकतात. आंबोली घाटात धुके असताना गाडीचे दिवे प्रखर केले की समोर रस्त्याऐवजी पांढरा पडदा दिसतो, तसाच हा प्रकार. म्हणून दिवे कॅमेऱ्यावर न बसवता लांब दांड्यांवर बाजूला बसवतात. कॅमेऱ्यापुढे सपाट काच असेल तर पाण्यातील वस्तू साधारण एकतृतीयांशाने मोठ्या भासतात. त्यामुळे विस्तृत दृश्य घेताना घुमटाकार काच वापरतात.

चित्रासाठी प्राण्यांनी काय किंमत मोजली?

या कलेचा जुना इतिहास आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेच्या जॉन अर्नेस्ट विल्यमसन यांनी १९१४ मध्ये बहामाच्या समुद्रात, बोटीखाली सोडलेल्या पोलादी खोलीच्या काचेतून चित्रीकरण केले. प्रसंग रंगवण्यासाठी मेलेल्या घोड्याचे आमिष लावून शार्क बोलावले गेले आणि स्वत: विल्यमसन यांनी कॅमेऱ्यासमोर सुऱ्याने शार्क मारला. जॅक कुस्तो आणि लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या १९५६ च्या माहितीपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करही मिळाले. त्यात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याचे आणि जहाजावरील लोकांनी शार्क ओढून मारल्याचे दृश्य आहे. तेच कुस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगभरचा आवाज ठरले, हेही नोंदवायला हवे.

सप्टेंबर २००४ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी जायंट स्क्विड या दुसऱ्या महाकाय प्रजातीची नैसर्गिक अधिवासातील पहिली छायाचित्रे मिळवली. ९०० मीटर खोलीवर सोडलेल्या आमिषाच्या गळात त्या प्राण्याचा एक लांब बाहू अडकला. सुटकेसाठी तो चार तास धडपडला आणि अखेर साडेपाच मीटरचा बाहू तिथेच तोडून निघून गेला. पाचशेहून अधिक छायाचित्रे मिळाली ती या झटापटीची. मुक्तपणे वावरणारा प्राणी अजून दिसायचाच होता.

मग उपाय काय सापडला?

अमेरिकी सागरशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी प्रश्न उलटा केला : आपण दिसलोच नाही तर? खोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांचे डोळे निळ्या प्रकाशाला जुळलेले असतात; लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नाही. (ड्रॅगनफिशच्या काही जाती अपवाद; त्या स्वत:च लाल उजेड पाडतात.) विडर यांच्या ‘मेडुसा’ कॅमेऱ्याला म्हणून गडद लाल दिवे आहेत. त्याला मोटार नाही, तो दोरीवर नुसता लटकत राहतो. आमिषही खाण्याचे नव्हते. हल्ला झाला की ॲटोला नावाची जेलीफिश निळ्या प्रकाशाची वर्तुळे फिरवते, म्हणजे जणू ‘चोर, चोर’ म्हणून ओरडते. तो उजेड पाहून हल्लेखोरालाच खाणारा मोठा शिकारी येतो, अशी ही कल्पना. विडर यांनी निळ्या एलईडी दिव्यांची तशी नकली जेलीफिश बनवली. ओगासावाराजवळच २०१२ च्या मोहिमेत जायंट स्क्विड तिच्याकडे आला. मेक्सिकोच्या आखातात जून २०१९ मध्ये हीच युक्ती ७५९ मीटर खोलीवर पुन्हा यशस्वी झाली.

‘सुबास्टियन’ला मात्र पांढरे दिवेही आहेत आणि मोटारीही. तरी कोलॉसल स्क्विड त्याच्यासमोर आला, यात नशिबाचा वाटा आहेच. शांत कॅमेऱ्याने खात्री मिळत नाही, शक्यता वाढते. उथळ पाण्यातही हेच तत्त्व आहे. बुडबुडे सोडणाऱ्या पाणबुड्याला पाहून बुजणारे मासे, श्वास पुन:पुन्हा शुद्ध करून वापरणारे ‘रीब्रीदर’ लावलेल्या छायाचित्रकाराला बरेच जवळ येऊ देतात.

मालवणच्या पर्यटकाला याचा उपयोग काय?

लहान जलरोधक कॅमेऱ्यांमुळे आता हे चित्रीकरण कुणालाही करता येते. मासे चौकटीत यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकणे हा आमिषाचाच घरगुती अवतार. त्याने मासे जमतात, पण ते खडकावरचे शेवाळ खाण्याऐवजी माणसांच्या हाताकडे पाहू लागतात. आधारासाठी प्रवाळ धरणे तर टाळायलाच हवे, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तुटलेली फांदी भरून यायला वर्षे लागतात. पायातले पंख तळाशी जोरात मारले की गाळ उठतो. तो खाली बसेपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या व्हिडीओत गढूळ पाणीच येते.