गळ्यातली नळी आणि सरावाचे हात

गळ्याच्या पुढच्या बाजूस छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवतात, तिला डॉक्टर ट्रेकिओस्टॉमी म्हणतात. डोक्याला जबर मार लागलेले, पक्षाघाताने फार दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेले, घशाच्या कर्करोगाने श्वासाची वाट बंद झालेले अनेक रुग्ण या नळीवर जगतात. आपल्या सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण बहुधा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेले जातात. शस्त्रक्रिया तिकडे होते. पुढे रुग्ण नळीसह मालवण-देवगडच्या घरी आला की जबाबदारी येते गावच्या इस्पितळातील सिस्टरवर, १०८ च्या गाडीतील डॉक्टरवर आणि घरच्या माणसांवर.

धोका इथेच आहे. नळीत कफ सुकून बसला किंवा नळी निसटली, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होते. रुग्णाला हाकही मारता येत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. असा प्रसंग रोज येत नाही, म्हणून हात सरावलेले नसतात. आणि तो येतो तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

माणसावर हात चालवण्याआधी सराव करावा, हा विचार जुना आहे. बाराव्या शतकात अंदलुसमधील सेविलचे हकीम इब्न झुहर यांनी श्वासनलिका उघडण्याचा प्रयोग आधी बकरीवर केला आणि जखम भरून येते, हे पाहिले. आज बकरीची जागा रबरी पुतळ्याने घेतली आहे. नॉर्वेतील खेळणी बनवणारे लार्डाल यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी असा पुतळा तयार केला. आता गळ्यात नळी बसवलेले पुतळेही मिळतात.

असा सराव एकट्याचा नसतो. डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, वॉर्डबॉय अशी सगळी टीम पुतळ्याभोवती उभी राहते. शिकवणारा गुपचूप नळी बंद करतो. मग क्रम असा: मदतीला हाक मारा; तोंड आणि गळा दोन्हीकडे ऑक्सिजन द्या; आतली नळी काढा; सक्शनची नळी आत जाते का पाहा; जात नसेल तर नळीभोवतीचा फुगा सोडा; तरीही श्वास नसेल तर नळीच काढा. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाचा तोंडाशी संबंध तुटलेला असतो, त्याला ऑक्सिजन गळ्यातूनच द्यावा लागतो. हा फरक चटकन कळावा म्हणून ब्रिटनमध्ये खाटेवर हिरवी किंवा लाल पाटी लावतात. सराव संपला की सगळे बसून बोलतात: कोण थांबला, कोणाचे कोणी ऐकले नाही. इथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही, आणि वॉर्डबॉयलाही डॉक्टरांना सांगता येते की, साहेब, ऑक्सिजन लावायचा राहिला.

ओरोस येथे २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असावी, असा राष्ट्रीय नियमच आहे. तिचे दार विद्यार्थ्यांपुरते न राहता तालुक्याच्या इस्पितळांतील सिस्टर आणि १०८ च्या डॉक्टरांसाठीही दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस उघडावे, असे आम्हाला वाटते. त्याला नवी इमारत लागत नाही, ठरवून दिलेला वेळ लागतो.

घरच्यांनीही मागे राहू नये. सुट्टी मिळण्याआधी सिस्टरसमोर आपल्या हाताने सगळे करून दाखवा: सक्शन दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, आतली नळी सांगितल्याप्रमाणे धुवायची, गळ्याची पट्टी एक बोट जाईल इतकीच सैल. उशाशी दोन जादा नळ्या ठेवा, एक त्याच मापाची आणि एक लहान. रुग्णाच्या हाताशी घंटी आणि पाटी-पेन्सिल हवी. आंघोळ किंवा वुजू करताना गळ्यात पाणी जाऊ देऊ नका. समुद्रात, विहिरीत पोहणे बंद. हे काम घरातल्या एकाच भाभीवर किंवा सुनेवर टाकू नका. निदान दोघांनी शिकून घ्यावे, म्हणजे एकजण बाजारात किंवा नमाजला गेला तरी दुसऱ्याचे हात तयार असतील.