ड्रुइडांची विद्या व तिचा पुरावा

प्राचीन गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूस, आणि ब्रिटनमध्यें केल्ट लोकांचा जो आचार्यवर्ग होता त्यास ड्रुइड म्हणत. ह्या वर्गानें आपल्या शास्त्राची एक ओळहि लिहून ठेविली नाहीं. तेव्हां त्यांजविषयीं जें सांगण्यांत येतें तें कोणाच्या लेखणीचें, हा प्रश्न हस्तलिखितें जमविणारांनीं प्रथम विचारावयास पाहिजे.

मुख्य साक्षीदार इ. स. पू. ५८ पासून गॉलांशीं लढणारा ज्यूलियस सीझर. विद्यार्थ्यांस असंख्य पद्यें मुखोद्गत करावीं लागत, कित्येक वीस वर्षें गुरूपाशीं राहत, असें तो लिहितो. व्यवहारांत हे लोक ग्रीक अक्षरें वापरीत. शास्त्र मात्र लिहिणें निषिद्ध. विद्या सामान्य जनांत पसरूं नये व अक्षरांवर विसंबून स्मरणशक्ति शिथिल होऊं नये, अशीं दोन कारणें सीझर आपल्या तर्कानें देतो. आत्मा मरत नाहीं, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, ह्या मतानें ते योद्ध्यांचें मृत्युभय घालवीत. हा आपलाच पुनर्जन्मवाद असें म्हणावेंसें वाटतें. परंतु त्या वाक्यांत कर्मफलाचा मागमूसहि नाहीं. आणखी एक गोष्ट. सीझरचा स्नेही दिविशियाकस हा ड्रुइड होता, हें आम्हांस सिसरोकडून कळतें; सीझर त्याचें नांव वारंवार घेतो, पण ही ओळख देत नाहीं.

उत्सवांपैकीं एकाचेंच वर्णन प्लिनीनें सविस्तर केलें आहे. चंद्राच्या सहाव्या दिवशीं शुभ्रवस्त्रधारी आचार्य ओक वृक्षावर चढून सोन्याच्या विळ्यानें बांडगूळ कापी, खालीं तें पांढऱ्या वस्त्रांत झेलीत, आणि दोन पांढऱ्या बैलांचा बळी देत. सोन्याच्या विळ्यास धार कितपत राहील, ही शंका आम्हांस आहेच. साविन, बेल्टेन इत्यादि आयरिश सणांची माहिती पुष्कळ मागाहूनच्या ख्रिस्ती मठवासीयांची.

आमच्याकडे वेदहि मुखानेंच टिकले; पण त्यांस क्रम, जटा, घन ह्या पाठांचें कुंपण होतें व परंपरा मोडली नाहीं. तिकडे टायबीरियस व क्लॉडियस ह्या सम्राटांनीं ड्रुइडांचा उच्छेद आरंभिला, आणि इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्यानें मोना बेटावरील देवराया तोडल्या. पाठक गेले, त्यांबरोबर पाठहि गेला.

गॉलांच्या स्वभाषेंतील मोठा लेख म्हणजे १८९७ सालीं कोलिन्यी येथें तुकड्यातुकड्यांनीं सांपडलेलें कांशाचें पंचांग. त्यांत पांच वर्षें, बासष्ट महिने, पैकीं दोन अधिक. वेदांगज्योतिषाचें युगहि नेमकें असेंच! तथापि पांच सौरवर्षांत सुमारें ६१.८ चांद्रमास होतात. म्हणून हें साम्य गणितानेंहि येऊं शकतें, त्यावर एकमूलत्व उभारूं नये. शिवाय हें पंचांग ड्रुइडांनीं केलें असें त्यावर कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

जेथें लेख नाहीं तेथें बनावट लेखास वाव मिळतो. वेल्समधील एडवर्ड विल्यम्स ऊर्फ योलो मॉर्गन्वग ह्यानें १७९२ त लंडनच्या एका टेकडीवर ‘प्राचीन’ ड्रुइडविधि केला, आणि त्याच्या समर्थनार्थ स्वतः रचलेला मजकूर जुन्या पोथ्यांतील म्हणून पुढें केला. विद्वानहि शतकभर फसले. विसाव्या शतकांत लबाडी उघड झाली. त्याचे कागद वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जपून ठेविले आहेत, आणि तें योग्यच आहे. मात्र ते अठराव्या शतकाचा पुरावा म्हणून वाचावयाचे.