विश्लेषण : विकासाच्या केंद्रस्थानी नेमका कोणता माणूस? ‘मानवकेंद्री’ विचाराविषयी मुळशी काय सांगते?

माणूस सृष्टीच्या केंद्रस्थानी आणि बाकी सारे त्याच्या उपयोगासाठी, या समजुतीला जगभरातील अभ्यासक गेली पाच-सहा दशके आव्हान देत आहेत. हा वाद विद्यापीठांपुरता उरलेला नाही. धरण, देवराई, बैलगाडा शर्यत, पश्चिम घाटाची अधिसूचना आणि शाळेतील पाठ्यपुस्तक, या सर्वांशी त्याचा संबंध आहे. मुळशी तालुक्यात तर हे सारे विषय एकाच ठिकाणी सापडतात.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडलेले पाणी उताराच्या नियमाने पुण्याकडे आणि पुढे भीमेच्या खोऱ्यात जाते. मुळशी धरणात अडलेल्या पाण्याची वाट मात्र वेगळी आहे. ते डोंगरातून पश्चिमेला वळवले जाते, कोकणात भिरा येथे खाली सोडून त्यावर वीज तयार केली जाते आणि पुढे ते कुंडलिका नदीला मिळते. जवळपास शंभर वर्षे हे सुरू आहे. नदीची दिशा बदलण्याचा हा निर्णय ‘सार्वजनिक हिता’साठी घेतला गेला. त्या हितात कोणाची गणना झाली आणि कोणाची झाली नाही, हाच मानवकेंद्री विचारावरील चर्चेचा गाभा आहे.

मानवकेंद्री विचार म्हणजे काय?

निसर्गातील प्रत्येक गोष्टीचे मोल ती माणसाच्या किती उपयोगाची यावरून ठरवणे, म्हणजे मानवकेंद्री विचार. जंगल म्हणजे अमुक घनमीटर लाकूड, नदी म्हणजे अमुक टीएमसी पाणी आणि अमुक मेगावॉट वीज. असे मोजमाप करण्यात गैर काही नाही. मात्र जे या मोजमापात बसत नाही, ते निर्णयातूनही वगळले जाते.

या विचाराची पद्धतशीर चिकित्सा १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य धार्मिक धारणांत शोधली. अमेरिकी कायदेतज्ज्ञ ख्रिस्तोफर स्टोन यांनी १९७२ मध्ये झाडांनाही न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार असावा का, असा प्रश्न विचारला. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ मध्ये ‘डीप इकॉलॉजी’ची मांडणी केली.

त्याच वर्षी तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी एक कल्पित प्रसंग मांडला. पृथ्वीवर एकच माणूस उरला आहे आणि मरण्यापूर्वी तो शक्य तितके सजीव नष्ट करतो. यात कोणत्याही माणसाचे नुकसान होत नाही. तरीही हे कृत्य चुकीचे वाटत असेल, तर निसर्गाचे मोल केवळ माणसाच्या उपयोगावर ठरत नाही, हे मान्य करावे लागते.

उत्तर-मानववाद वेगळा कसा?

‘झाडे प्राणवायू देतात म्हणून झाडे लावा’ हे वाक्य पर्यावरणप्रेमी वाटते. पण त्याच्याही मध्यभागी माणूसच आहे. म्हणूनच गेल्या तीनेक दशकांतील अभ्यासकांनी प्रश्न आणखी पुढे नेला. फ्रान्सचे ब्रुनो लातूर यांनी निसर्ग एका बाजूला आणि समाज दुसऱ्या बाजूला, ही विभागणीच नाकारली. अमेरिकेच्या डॉना हॅरवे यांनी माणूस हा इतर जीवांच्या सोबतीनेच घडत आला आहे, असे मांडले. रोझी ब्रायडोटी यांच्या २०१३ मधील ‘द पोस्टह्यूमन’ या पुस्तकाने या विचारप्रवाहाला व्यापक ओळख दिली. मराठीत त्याला उत्तर-मानववाद म्हणता येईल.

या प्रवाहाचा एक पैलू भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे. जमैकन विचारवंत सिल्व्हिया विंटर यांच्या मते, आधुनिक विचाराने ‘माणूस’ म्हणून जो केंद्रस्थानी ठेवला तो सर्वसाधारण माणूस नव्हताच. तो युरोपीय, मालमत्ताधारी पुरुष होता. बाकीच्या माणसांना कमी दर्जाचे मानले गेले. म्हणजे मानवकेंद्री व्यवस्थेत नदी आणि जंगलाबरोबर असंख्य माणसेही केंद्राबाहेर राहिली. मुळशीचा इतिहास याचीच साक्ष देतो.

मुळशीत केंद्रस्थानी कोण होते?

टाटा पॉवर कंपनीची स्थापना १९१९ मध्ये झाली. मुंबईच्या उद्योगांना आणि रेल्वेला वीज हवी होती. त्यासाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. त्यात मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. तिथल्या भातखाचरांवर मावळ्यांच्या अनेक पिढ्या जगत आल्या होत्या. त्यांची संमती न घेताच काम सुरू झाले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला सुरुवात झाली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे प्रमुख नेते होते. याच लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ ही ओळख मिळाली. काम काही काळ थांबले. पण सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. १९२४ पर्यंत आंदोलन ओसरले आणि १९२७ मध्ये भिरा वीजकेंद्र सुरू झाले.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. त्यांच्या अभ्यासातील एक निरीक्षण नेमके आहे. जमिनींवर हक्क सांगणारे अनेक सावकार पुण्यात राहत होते. त्यांना नुकसानभरपाईत रस होता. ती जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. सरकार, कंपनी आणि सावकार या तिघांना समजणारी भाषा पैशाची होती आणि मावळ्याचे नाते त्या भाषेत मांडता येत नव्हते. खाचर, बैल, ओढा, गावदेव यांतून मिळून त्याचे जगणे उभे होते. त्यातले एक काढून त्याची किंमत देता येते, हे त्याला पटणारे नव्हते.

थोडक्यात, निर्णय ‘माणसासाठी’च होता. पण तो माणूस मुंबईचा वीजग्राहक आणि गिरणीमालक होता, मावळा नव्हता. ज्या हिशेबात नदी ‘पडून’ असलेले पाणी ठरली, त्याच हिशेबात मावळा अडथळा ठरला.

देवराई हे उत्तर आहे का?

मुळशी-ताम्हिणी पट्ट्यात आणि एकूणच सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेली वने, म्हणजे देवराया आहेत. ठिकाणागणिक नियम बदलतात. पण कुऱ्हाड चालवायची नाही, अनेक ठिकाणी पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, हा सर्वसाधारण दंडक. जमिनीचा आणि झाडांचा धनी देव आणि गाव केवळ राखणदार, अशी ही व्यवस्था. डोंगरदऱ्यांत वाघोबाची ठाणी आहेत. वाघ-बिबट्याला शत्रू न मानता शेजारी मानण्याचा रिवाज त्यामागे आहे.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि या छोट्या वनखंडांचे जैविक महत्त्व जगापुढे आणले. धर्मभावनेतून का होईना, इथल्या समाजाने मानवी उपयोगापलीकडची जागा राखून ठेवली होती, हे त्यातून दिसले.

तरीही देवराईला सरसकट आदर्श मानता येत नाही. अनेक देवरायांत स्त्रियांच्या प्रवेशावर बंधने होती आणि आहेत. गावगाड्यातील जातींची उतरंड देवाच्या दारातही होती. शिवाय श्रद्धेचे रूप बदलले की संरक्षणही बदलते. झाडीतला शेंदूर लावलेला दगड मागे पडून सिमेंटचे मंदिर, सभामंडप आणि वाहनतळ पुढे येतो, तेव्हा देव राहतो आणि राई जाते.

न्यायालयांची भूमिका काय?

भारतीय न्यायालयांनी हा विचार काही प्रमाणात स्वीकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रानम्हशींच्या आणि २०१३ मध्ये गीरच्या सिंहांच्या प्रकरणात मानवकेंद्री दृष्टीऐवजी निसर्गकेंद्री दृष्टी स्वीकारण्याची गरज स्पष्ट शब्दांत मांडली. डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील ‘ओरण’ या देववनांच्या प्रकरणात त्यांच्या संरक्षणाचे निर्देश दिले.

मात्र हा प्रवास सरळ नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. पूर आल्यास नुकसानभरपाईचा दावा कोणावर करायचा, असे व्यावहारिक प्रश्न राज्य सरकारने उपस्थित केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण तर पुणे जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे. २०१४ च्या निकालाने बैलाचे हित मध्यभागी ठेवून शर्यतींना मनाई केली. पुढे राज्याने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल वैध ठरवला.

या विचाराला आक्षेप कोणते?

सर्वात गाजलेला आक्षेप भारतातूनच आला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये ‘डीप इकॉलॉजी’वर टीका केली. माणसाला बाजूला सारून निर्मनुष्य जंगल राखण्याची अमेरिकी कल्पना भारतात आणली, तर जंगलातल्या गरिबांनाच बाहेर पडावे लागते, हा त्यांचा मुद्दा. उपभोग शहरांचा आणि त्याग डोंगरातल्यांचा, असा तो उलटा न्याय होतो.

दुसरा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेले की पुढे महाड आहे. भिरा वीजकेंद्र सुरू झाले त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्या तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना नव्हते. ज्यांना ‘माणूस’ म्हणून मोजले जाण्यासाठीच लढावे लागले, त्यांना आता माणूस केंद्रस्थानी नको असे सांगणे क्रूर ठरू शकते. प्राण्याबद्दलची करुणा आणि माणसाबद्दलची तुच्छता एकाच समाजात सुखेनैव नांदू शकतात, हे महाडने दाखवले आहे.

म्हणून या चर्चेचा उपयोगी अर्थ असा की, मध्यभागातून माणसाला हटवणे हे उद्दिष्ट नाही. मध्यभागी बसलेला माणूस कोणता, हे आधी विचारायचे आणि मग हिशेबातून वगळलेली माणसे, जनावरे, झाडे, पाणी यांना आत घ्यायचे.

शाळेत काय बदलू शकते?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले. महाराष्ट्रातील मुलांना ‘परिसर अभ्यास’ हा विषय परिचित आहे. पण शब्दांतच मेख आहे. ‘परिसर’ म्हणजे सभोवताल. कोणाच्या सभोवती, तर माणसाच्या. ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’ या शब्दात तर निसर्ग हा एकदा ‘साधन’ आणि पुन्हा ‘संपत्ती’ होऊन जातो. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्राला ‘पोटखराब’ म्हणतात. सह्याद्रीतील ज्या कातळसड्यांवर पावसाळ्यात रानफुलांचा गालिचा पसरतो, त्यांतील अनेक कागदोपत्री पोटखराबच असतात.

युनेस्कोच्या शिक्षणाच्या भवितव्याविषयीच्या उपक्रमासाठी २०२० मध्ये ‘कॉमन वर्ल्ड्स’ या अभ्यासगटाने एक टिपण तयार केले. जगाविषयी शिकून त्यावर हुकमत गाजवायची, हे शिक्षणाचे उद्दिष्ट सोडून जगासोबत जगायला शिकावे, हे त्याचे सूत्र.

महाराष्ट्राला हे अगदीच नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यामागची कल्पना. गुरे शिक्षणातील अडथळा न ठरता शाळेचा भाग झाली.

मुळशीतील एखाद्या शाळेत यासाठी वेगळे पुस्तक लागणार नाही. गावातल्या ओढ्याचे पाणी कुठून येते, कुठे अडते, कोणाच्या घरी दिवा लावते आणि कोणाच्या विहिरीत पोहोचत नाही, एवढे शोधले तरी भूगोल, इतिहास, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकत्र येतात. शेकरू हा राज्यप्राणी आहे, हे पाठ करण्याबरोबरच त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला सलग झाडी लागते आणि मध्ये रस्ता आला की काय होते, हेही ताम्हिणीत शिकता येते.

मुळशीपुढचा प्रश्न काय?

ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ रोजी निघाली. तिच्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र असून महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आहे. दुसरीकडे याच डोंगरांवर बंगल्यांचे प्लॉट, रिसॉर्ट आणि शिक्षणसंकुले उभी राहिली आहेत.

गावकऱ्यांची भीती अनाठायी नाही. शंभर वर्षांपूर्वी विकासाच्या नावाने जमीन गेली, आता निसर्गाच्या नावाने निर्बंध येतील आणि डोंगर मात्र पैसेवाल्यांसाठीच फोडला जाईल, असे त्यांना वाटते. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात यावर एक मार्ग होता : संवेदनशील क्षेत्राच्या मर्यादा आणि नियम ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावेत. अहवालाचा हाच भाग चर्चेत सर्वात मागे पडला.

धरणाच्या वेळी मावळ्याला विचारले नव्हते आणि नदीचा विचारही केला नव्हता. पुढचा निर्णय अधिसूचनेचा असो, रस्त्याचा असो वा टाउनशिपचा, त्याची कसोटी याच दोन प्रश्नांवर लागेल : तिथे राहणाऱ्या माणसाला विचारले का, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने कोणी बोलले का? यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर हिशेब पुन्हा अपुराच राहील.