आकड्यांची साक्ष आणि सिद्धता

मूळ संख्यांच्या संशोधनात गेल्या शतकभरात काय सिद्ध झाले, याची यादी आपण अभिमानाने सांगतो. पण काय खोटे ठरले, त्यातून मिळालेला धडा मला अधिक मोलाचा वाटतो. तो असा, की संख्यांच्या राज्यात कोट्यवधी उदाहरणे एका सुरात बोलली, तरी ती साक्षच असते, निकाल नव्हे. संख्या वाढत जातात तशा मूळ संख्या कोणत्या प्रमाणात विरळ होतात, याची अटकळ गाउसने कोवळ्या वयात कोष्टके चाळून बांधली. ती १८९६ मध्ये सिद्ध झाली. त्याच्या सूत्राने हजारपर्यंत सुमारे १७८ मूळ संख्या येतात, प्रत्यक्षात आहेत १६८. दहा लाखांपर्यंत अंदाज ७८,६२८ आणि प्रत्यक्ष संख्या ७८,४९८. जिथवर मोजले, तिथवर अंदाज थोडा जास्तच भरला. तो नेहमीच जास्त असणार, असे कोणालाही वाटावे. पण १९१४ मध्ये लिटलवुडने सिद्ध केले, की ही सरशी अनंत वेळा उलटते. त्यातली एक उलथापालथ ३१७ अंकी संख्येच्या आसपास होते, एवढे आज माहीत आहे. तिथवर एकेक मूळ संख्या मोजत जाणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही.

पोल्याच्या १९१९ मधल्या अटकळीची गतही तीच झाली. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पुनरावृत्तीसह मोजावेत. १२ म्हणजे २×२×३, म्हणून तीन अवयव, विषम. १० म्हणजे २×५, म्हणून सम. १ ते २० मध्ये विषम गटात १२ संख्या येतात, सम गटात ८. दोनपासून पुढे कुठेही थांबले तरी सम गट वरचढ ठरणार नाही, असे पोल्याचे म्हणणे होते. १९५८ मध्ये हॅजलग्रोव्हने ते खोटे ठरवले, आणि अटकळ पहिल्यांदा कुठे मोडते ते १९८० मध्ये सापडले: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींपर्यंत एकही अपवाद नव्हता.

यावर कोणी म्हणेल, की मग आकडेमोड व्यर्थच. तसे मुळीच नाही. गाउसला वाट कोष्टकांनीच दाखवली. २०१६ मध्ये लेम्के ऑलिव्हर आणि सौंदरराजन यांनी पहिल्या दहा कोटी मूळ संख्या तपासल्या, तेव्हा दिसले की १ने संपणाऱ्या मूळ संख्येनंतर पुन्हा १नेच संपणारी येण्याचे प्रमाण अपेक्षित २५ टक्क्यांऐवजी सुमारे साडेअठरा टक्के आहे. इतकी ठळक गोष्ट त्याआधी फारशी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. प्रश्न आकडेमोडच उभे करते; त्यांचा शेवट मात्र तिच्या हाती नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतर विज्ञाने पुराव्यावरच चालतात, मग गणितालाच हा हट्ट कशाला? कारण इथे आपण तपासतो तो नमुना कधीच प्रातिनिधिक नसतो. लिटलवुडच्या निष्कर्षातला निर्णायक घटक लॉगरिदमचा लॉगरिदम, आणि त्याचाही लॉगरिदम, अशा गतीने वाढतो. एकावर शंभर शून्ये दिली तरी त्याची किंमत १.७ च्या आसपासच असते. ज्या संख्या आपल्याला प्रचंड वाटतात, त्या या मापाने उंबरठ्यावरच असतात. म्हणून दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गोल्डबाखची अटकळ ४ वर १८ शून्ये इतक्या मर्यादेपर्यंत तपासूनही असिद्धच मानली जाते, आणि तसेच मानले पाहिजे. ती खरी असावी असे मलाही वाटते. पण ते मुख्यतः सम संख्या मोठी होत जाते तशा तिच्या दोन मूळ संख्यांत होणाऱ्या फोडी वाढत जातात म्हणून. तपासलेल्या संख्यांचा नुसता ढीग मला पुरत नाही. आकड्यांच्या साक्षीला वजन येते ते असे कारण हाती लागले तर, आणि ते कारण अपवादाला जागाच उरू देत नाही तेव्हा त्याची सिद्धता होते.