चाळीस रुपयांचं पाणी

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिच्या खर्चात एक रक्कम पाण्याची होती. जमलेल्या हजारोंची तहान भागवायला सवर्णांकडून पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं. गावात चवदार तळं होतं, भरलेलं होतं, आणि ते अस्पृश्यांनाही खुलं असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर ते पाणी फुकट होतं.

या ठरावाचं मूळ मुंबईत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. तो मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारने तो अंमलासाठी खात्यांकडे पाठवला आणि पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं खुलं केलं. खुलं केलं म्हणजे तसं लिहून ठेवलं. तळ्याच्या भोवती घरं सवर्णांची. घागर घेऊन तिथे जाणाऱ्या अस्पृश्य बाईच्या पाठीशी नगरपालिकेचा कोण उभा राहणार, हे ठरावात कुठेच नव्हतं.

बोले यांना हे कळत असावं. कारण ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. तीन वर्षांत चांगुलपणावरून थेट पैशाच्या चापावर यावं लागलं, यातच पहिल्या ठरावाचं काय झालं ते आलं.

तर मार्च १९२७. परिषदेचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. जमवाजमवीत पुढे होते दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे. दुसऱ्या दिवशी सवर्णांच्या कर्तव्यांविषयीचा ठराव आला आणि महाडमधल्या दोन प्रतिष्ठित सवर्ण पुढाऱ्यांना त्यावर बोलण्याची विनंती झाली. दोघेही बोलले आणि त्यांनी पाठिंबा दिला. फक्त मिश्रविवाहाचं कलम तेवढं सोडून! आजच्या कुठल्याही परिसंवादात हे भाषण खपून जाईल. पाठिंबा आहे, पण अमुक एक मुद्दा वगळता. आणि तो अमुक मुद्दा नेमका आपल्या उंबऱ्याच्या आतला असतो.

परिषद इथेच संपली असती, तर महाडचं नाव आज कुणी घेतलं नसतं. पण समारोपाला अनंत विनायक चित्रे उठले. चित्रे कायस्थ. त्यांनी सुचवलं की नगरपालिकेने तळं खुलं केलंच आहे, तर आपण सगळे आत्ताच तिथे जाऊ. एरवी आभार मानून माणसं पांगतात, ती वेळ ही. मंडप उठला, रांगा लागल्या, मिरवणूक शिस्तीने बाजारातून तळ्यावर गेली. आंबेडकर पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्यायले; मागोमाग बाकीचे प्यायले. मग सगळे शांतपणे मंडपाकडे परतले.

दोन-एक तासांत गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. कुणी जेवत होतं, कुणी गावी परतायची बांधाबांध करत होतं. अन्न मातीत गेलं, डोकी फुटली. कित्येकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली: पंचगव्य कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी, मंत्रांसह.

नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस, आंबेडकरांचे खंदे सहकारी. तरीही ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. योगायोग असा की बोले यांच्या ठरावाचा तो चौथा वाढदिवस होता. तीन वर्षं नगरपालिकेचा ठराव कुणाला खुपला नव्हता. लोक एकदा खरोखर पाणी प्यायले आणि तो रद्द झाला.

आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचं जाहीर केलं, तेव्हा पाठिंब्याचे आणखी नमुने समोर आले. ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर मदतीला तयार होते, पण अट होती: या लढ्यात ब्राह्मण नकोत. आंबेडकरांनी अट नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नव्हता. सोबत येणाऱ्याने आपली जुनी भांडणंही बरोबर आणावीत आणि ती यजमानाने लढावीत, हा प्रकार चळवळींना नवा नाही.

विरोधकांनी मात्र शब्द वाया घालवले नाहीत. महाडच्या वाण्यांनी माल देणं बंद केलं. परिषदेला जागा द्यायला एकही हिंदू तयार होईना. मोटारवाल्यांनी उतारू घ्यायचं नाकारलं, म्हणून आंबेडकर आणि मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला उतरली आणि तिथून महाडपर्यंत पायी चालत गेली. मंडप उभा राहिला तो फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. या गृहस्थाचं भाषण प्रसिद्ध नाही; जमीन प्रसिद्ध आहे.

२५ डिसेंबरच्या रात्री त्याच जागेवर मनुस्मृती जाळली गेली. जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ ऊर्फ बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी, म्हणजे एका ब्राह्मणाने. जेधे-जवळकरांची अट मान्य झाली असती तर सहस्रबुद्धे मंडपाबाहेर राहिले असते. तळ्यावर जाणं मात्र या वेळी झालं नाही. विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला होता. जमलेले लोक तरीही जायला तयार होते. आंबेडकरांनी त्यांना समजावलं, सत्याग्रह तहकूब झाला, आणि मिरवणूक तळ्याला वळसा घालून पाण्याला हात न लावता परतली. हा माघारीचा निर्णय सोपा नव्हता. पण त्यामागे हिशेब होता, आणि तो अंगावर मार झेलायची तयारी असलेल्या लोकांसमोर उघडपणे मांडला गेला होता.

दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी; त्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. न्यायालयाने समतेवर प्रवचन दिलं नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढंच म्हटलं.

ठरावाविना काय होऊ शकतं याचा दाखला महाडच्या त्या ओंजळीआधी जवळजवळ साठ वर्षांचा आहे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. सभा नाही, अनुमोदन नाही; हौद त्यांचा, घर त्यांचं, आणि जातभाईंचा राग ओढवला तोही त्यांच्याच दारात.

उलट टोकाचं उदाहरण मराठवाड्यातलं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. मुंबईत हात वर झाले आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. घरं गेली, माणसं मारली गेली. ज्यांच्या नावाने ठराव झाला, त्यांच्या रक्षणाची तजवीज ठरावाबरोबर झालेली नव्हती. अंमलबजावणी लांबली. लाँग मार्च निघाले, दलितांसोबत काही सवर्ण कार्यकर्तेही सत्याग्रह करून तुरुंगात गेले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदललं, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. साडेपंधरा वर्षांत मराठी राजकारणाला हा एक नवा शब्द मात्र लाभला.

आणि पाण्याचं काय? १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली, १९५५ मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा आला. तरीही १९७२ च्या दुष्काळाच्या काळात बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. पुण्याहून निघून ते कार्यकर्त्यांसह गावोगाव फिरत होते, कोणाची विहीर कुठली आणि कोण कुठून पाणी भरतो ते पाहत होते. गावकऱ्यांना समजावून, जमेल तिथे दलितांना सोबत घेऊन सार्वजनिक विहिरीवर जात होते. गावाच्या एका टोकाला गावाची विहीर, दुसऱ्या टोकाला महारवाड्याची, हे चित्र त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं. बोले यांचा ठराव मंजूर होऊन तेव्हा ४९ वर्षं झाली होती.